वाचकांचे प्रश्न : दर पंधरवड्याला काळा पडणारा प्लग

पावसाळा सुरू झाला की या सदराकडे मोटरसायकलच्या स्पार्क प्लगविषयीची, म्हणजे इंजिनात ठिणगी पाडून पेट्रोल पेटवणाऱ्या भागाविषयीची, पत्रे वाढतात. या वेळी खानापूर तालुक्यातील एका वाचकाने इतके तपशीलवार पत्र पाठवले आहे की त्याला सविस्तर उत्तर देणे आम्हांला आवश्यक वाटले. त्याच विषयावरील आणखी तीन पत्रांना शेवटी थोडक्यात उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : माझ्याकडे २०११ सालची, १०० सीसीची, कार्बोरेटरची फोर-स्ट्रोक मोटरसायकल आहे. आमचे गाव जांबोटीच्या अलीकडे आहे. रोज पहाटे साडेपाचला सात-आठ घरांचे दूध गोळा करून मी तीन किलोमीटरवरच्या डेअरीत घालतो आणि संध्याकाळी पुन्हा तीच फेरी होते. हा क्रम आठ वर्षांचा आहे. या जूनपासून मात्र गाडीचा प्लग दर पंधरा दिवसांनी काळा पडतो. आधी गाडी मिसिंग मारते, म्हणजे मधेमधे पेट चुकते, मग एके सकाळी किक मारून मारून पाय दुखतो तरी सुरू होत नाही. प्लग काढून काच कागदाने घासला आणि पेट्रोलने धुऊन लावला की दोन-तीन दिवस जातात. आतापर्यंत पाच नवे प्लग झाले. लिटरला ६० किलोमीटर देणारी गाडी ४५ वर आली आहे. गावचे मिस्त्री म्हणतात, रिंगा गेल्या, बोअर करावा लागेल. दुसरे एक जण म्हणतात, पेट्रोलमधल्या इथेनॉलमुळे होते. तिसऱ्याने ‘गरम’ प्लग घालायला सांगितले. निळा धूर दिसत नाही आणि दोन सर्व्हिसिंगच्या मधे ऑइल घालावे लागत नाही. मे महिन्यात पावसाळ्यापूर्वीची सर्व्हिसिंग करताना कार्बोरेटरचे किट, एअर फिल्टर आणि ऑइल बदलले आहे, त्यामुळे ती बाजू ठीकच आहे. बोअरसाठी पैसे घालावेत की नाही, कृपया सांगावे.

उत्तर : बोअर करण्याची, म्हणजे झिजलेला सिलिंडर कातून नवा पिस्टन व रिंगा घालण्याची, घाई करू नये, हे आधी स्पष्ट सांगतो. ऑइलची पातळी उतरत नाही आणि निळा धूर नाही, या आपण लिहिलेल्या दोन्ही गोष्टी रिंगा झिजल्याच्या तर्काशी जुळत नाहीत. १०० सीसीच्या इंजिनात एकूण ऑइलच लिटरभराच्या आसपास मावते. पंधरा दिवसांत प्लग बंद पडावा इतके ते जळत असेल, तर डिपस्टिकवर दिसल्याशिवाय राहणार नाही. उलट ॲव्हरेज ६० वरून ४५ वर येणे हे पेट्रोल अर्धवट जळून वाया जात असल्याचे लक्षण आहे. मेकॅनिक ज्याला ‘रिच’ म्हणतात, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल अधिक, असे मिश्रण आपल्या इंजिनात जात असण्याची शक्यता सर्वांत मोठी आहे.

तरीही मनात शंका उरू नये म्हणून दोन तपासण्या कराव्यात. आपल्या गावापासून चोर्ला घाट दूर नाही. तिकडे जाणे झाले, तर लांब उतार गिअरमध्ये आणि ॲक्सिलरेटर पूर्ण सोडून उतरावा व खाली येताच जोराने ॲक्सिलरेटर द्यावा. मागून येणाऱ्या सोबत्याला त्या क्षणी निळ्या धुराचा लोट दिसला, तर व्हॉल्व्हच्या सीलमधून किंवा गाइडमधून ऑइल ओढले जात आहे असे समजावे. दुसरी तपासणी कॉम्प्रेशन गेजची असून ते बेळगावातील बहुतेक मोठ्या गॅरेजमध्ये असते. आकडा कमी आला, तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजतात. त्यानंतर आकडा चांगलाच वर गेला तर दोष रिंगांचा, आणि तिथेच राहिला तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत. आकडा मुळातच योग्य असेल, तर बोअरचा विषय तिथे संपला.

आता प्लगकडे वळू. आपण पाच प्लग बदललेत आणि अनेकदा घासलेत, पण घासण्यापूर्वी त्यावर काय होते हे पत्रात कुठेच नाही. पुढच्या वेळी प्लग काढाल तेव्हा तो लगेच पुसू नका. इंजिन थंड असावे, आणि प्लगच्या बुडाशी साचलेला तांबडा चिखल आधी ब्रशने काढून फुंकून टाकावा, कारण आपल्या भागातली ती बारीक माती सिलिंडरमध्ये पडली तर आज खोटा असलेला रिंगांचा आरोप पुढे खरा ठरेल. प्लग उजेडात धरून त्याच्या मधल्या पांढऱ्या चिनी मातीच्या टोकावरून बोट फिरवावे. तव्याच्या बुडाला असते तशी कोरडी, मऊ काजळी बोटाला लागली, तर मिश्रण रिच आहे किंवा ठिणगी दुबळी आहे. काळे पण ओले, आणि नाकाशी धरताच पेट्रोलचा वास, असे असेल तर पेट्रोल अजिबात पेटलेले नाही. काळे, चकचकीत, चिकट आणि बोटांत चोळले तरी न सुकणारे असेल, तरच ते ऑइल आहे. चांगल्या चाललेल्या प्लगचे टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी दिसते; अगदी पांढरेफटक आणि फोड आलेले टोक उलट दिशेचा, म्हणजे पेट्रोल कमी पडून तापल्याचा दोष दाखवते.

यात एक खबरदारी फार महत्त्वाची आहे. दारात उभ्या उभ्या पाच मिनिटे चालवलेल्या कोणत्याही गाडीचा प्लग काळपटच निघतो, आणि त्यावरून निदान केले की चुकते. नवा प्लग घालून गाडी खानापूर रस्त्यावर आठ-दहा किलोमीटर वरच्या गिअरमध्ये सलग चालवावी. सुरक्षित जागा पाहून क्लच दाबावा, त्याच क्षणी स्विच बंद करावा, आणि गाडी आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न देता चालू, न ठेवता कडेला घ्यावी. तिथेच इंजिन निवू देऊन काढलेल्या प्लगचा रंग त्या धावेचा खरा रंग असतो. या धावेत प्लग तपकिरी आला आणि दुधाच्या फेरीनंतर मात्र काळा येत असेल, तर दोष कमी वेगाच्या भागात आहे असे ठरते आणि अर्धे काम तिथेच होते.

काजळीने प्लग बंद का पडतो, हेही समजून घ्यावे. काजळी म्हणजे कार्बन, आणि कार्बनमधून वीज वाहते. कॉइल जो हजारो व्होल्टचा दाब तयार करते, तो प्लगच्या दोन टोकांमधली फट ओलांडण्याइतका वाढण्याआधीच काजळीच्या थरावरून घसरून प्लगच्या लोखंडी अंगात उतरतो आणि ठिणगी पडतच नाही. प्लगच्या टोकाचे तापमान साधारण ४५० ते ५०० अंश सेल्सिअसच्या वर गेले की ही काजळी आपोआप जळून जाते. आपल्या फेरीत तीन किलोमीटरमध्ये आठ थांबे आहेत, पहाटेचा गारवा आहे, पाऊस आहे. या क्रमात ते तापमान क्वचितच गाठले जात असेल. म्हणून आठवड्यातून एकदा खानापूरला जाल तेव्हा गाडी सलग, जरा मोकळ्या वेगाने न्यावी. पण हाच क्रम आठ वर्षे चालला आणि प्लगने कधी त्रास दिला नाही, असे आपणच लिहिले आहे. म्हणजे छोट्या फेऱ्या दोषात भर घालतात, दोष निर्माण करत नाहीत. या जूनपूर्वी काहीतरी बदलले, आणि काय बदलले ते आपल्या पत्राच्या शेवटी आहे.

मे महिन्यात कार्बोरेटर, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग, उघडला गेला, फिल्टर बदलला आणि ऑइल भरले. ‘ती बाजू ठीकच आहे’ हे आपले वाक्य मी सर्वांत आधी खोडेन. सर्व्हिसिंग करणाऱ्याने मुद्दाम काही बिघडवले असे मला म्हणायचे नाही. परंतु जो दोष दुरुस्तीनंतर महिन्याभरात दिसू लागतो, तो दुरुस्तीत हात लागलेल्या भागांत आधी शोधावा, हा शोधाचा सरळ मार्ग आहे.

सुरुवात चोकपासून, म्हणजे थंड इंजिन सुरू करताना मिश्रण रिच करणाऱ्या कळीपासून, करावी, कारण त्याला पानाही लागत नाही. काही गाड्यांत चोकची कळ थेट कार्बोरेटरवर असते, काहींत हँडलवरून केबल येते. इंजिन चांगले तापल्यावर गाडी आयडलवर ठेवून चोक ओढावा. इंजिन लगेच घुसमटले, तर चोक आधी पूर्ण उघडा होता, म्हणजे ठीक आहे. ओढूनही काहीच फरक पडला नाही, तर तो अर्धामुर्धा लागलेलाच राहत असावा. कार्बोरेटर परत बसवताना केबल ताणून लावली गेली किंवा कळ मातीने घट्ट झाली की असे होते, आणि मग गाडी दिवसभर पहाटेचेच पेट्रोल पीत राहते.

त्यानंतर फिल्टर पाहावा. कागदी फिल्टर धुण्यासाठी नसतो; तो धुतला किंवा पावसात भिजला की कागद फुगून हवेची वाट अडते. स्पंजचा असेल तर त्यात ऑइल जेमतेम माखलेले असावे, पिळून गळेल इतके नसावे. फिल्टरच्या डब्यात तळाला ऑइल साचलेले दिसले, तर इंजिनात ऑइल प्रमाणाबाहेर भरले गेले असून ते ब्रीदरच्या (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या) नळीतून फिल्टरकडे येत आहे असा त्याचा अर्थ होतो. आपल्याला ऑइल घालावे लागत नाही याचा आनंद मानण्याआधी डिपस्टिक वरच्या खुणेच्या वर तर जात नाही ना, तेही पाहून घ्यावे.

या दोन्हींत काही सापडले नाही, तर एक जुनी आणि भरवशाची परीक्षा आहे. रिकाम्या रस्त्यावर गाडी सावकाश चालत असताना पेट्रोलचा कॉक बंद करावा. कार्बोरेटरच्या वाटीतले पेट्रोल उतरू लागते तसे मिश्रण पातळ होत जाते, म्हणजे त्यातले पेट्रोल कमी होते. गाडी बंद पडण्याच्या आधी काही क्षण ती एकदम मोकळी, हलकी धावू लागली, तर नेहमीचे मिश्रण रिच आहे यात शंका उरत नाही. ही परीक्षा घेताना मागे वाहन नसावे.

आता कार्बोरेटर उघडण्याची वेळ येते, आणि इथे कुठे पाहायचे हे आपल्या चालवण्यावरून ठरते. मेन जेटचा, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या मोठ्या भोकाचा, प्रभाव ॲक्सिलरेटर तीन-चतुर्थांशाच्या पुढे उघडल्यावरच खऱ्या अर्थाने सुरू होतो, आणि दुधाच्या फेरीत तो तितका कधी उघडतच नसेल. आपल्या फेरीत काम करतात ते पायलट जेट (कमी वेगाचे पेट्रोल देणारे लहान भोक), मिश्रणाचा स्क्रू, आणि ॲक्सिलरेटरबरोबर वर-खाली होणाऱ्या सुईचा वरचा जाड भाग. म्हणून मेन जेट बदलून पाहण्यात पैसे घालू नयेत. पायलट जेटवर कोरलेला आकडा जुन्या जेटवरच्या आकड्याशी जुळतो का ते पाहावे. बाजारातल्या अनेक किटमध्ये आकडा बरोबर पण भोक मोठे असाही प्रकार आढळतो. जुने जेट जपून ठेवले असेल तर तेच हवेच्या दाबाने साफ करून परत बसवावे. तारेने भोक साफ करण्याची पद्धत फार बोकाळली आहे, ती कृपया कोणाला करू देऊ नका. पितळ मऊ असते, तारेने भोक मोठे होते, आणि मोठे झालेले भोक परत लहान होत नाही. सुईवरची क्लिप मूळ खाचेऐवजी खालच्या खाचेत बसली असेल तर सुई वर उचलली जाऊन पेट्रोल वाढते, तेही पाहावे.

वाटीतली पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता फ्लोट हा याहून मोठा संशयित आहे. फ्लोट कानाशी धरून हलवावा. आत पेट्रोल खळखळले तर तो फुटका आहे आणि वाटीतली पातळी कायम वर राहते. फ्लोटच्या निडल व्हॉल्व्हचे टोक नखाशी धरून भिंगाने पाहिले, तर झिजलेल्या टोकावर कंकणासारखी एक बारीक गोल खाच दिसते. ती असेल तर निडल पेट्रोल पूर्ण अडवत नाही. नवे निडल असूनही फ्लोटची पितळी जीभ किंचित वाकली गेली तर पातळी चुकते. कार्बोरेटरच्या तळाच्या ड्रेनला पारदर्शक नळी लावून ती वाटीशेजारी उभी धरली की आतली पातळी बाहेर दिसते, ही पद्धत मला सर्वांत विश्वासार्ह वाटते.

मिश्रणाचा स्क्रू फिरवण्यापूर्वी तो हलक्या हाताने आत बसेपर्यंत किती फेरे गेला ते मोजून लिहून ठेवावे. हा स्क्रू फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा असतो आणि बाहेर काढल्याने मिश्रण पातळ होते. इंजिनच्या बाजूला असेल तर तो बहुधा पेट्रोलचा असतो आणि बाहेर काढल्याने उलट रिच होते. हा फरक न ओळखता फिरवल्यामुळे चांगल्या गाड्या बिघडलेल्या मी पाहिल्या आहेत. इंजिन तापलेले असताना पाव-पाव फेरा फिरवून जिथे आयडल सर्वांत वर जाते ती जागा शोधावी आणि मग आयडलच्या स्क्रूने वेग खाली आणावा.

एवढे सगळे बरोबर निघाले, तरच ठिणगीकडे वळावे. पण वळावे जरूर. काही वर्षांपूर्वी माझ्याच गाडीचा प्लग चार महिने असाच काळा पडत होता. तीन वेळा कार्बोरेटर उघडला, फिल्टर बदलला, आणि काहीच फरक पडला नाही. शेवटी एका पावसाळी रात्री अंगणात दिवा मालवून गाडी चालू केली, तेव्हा प्लगच्या कॅपपासून, म्हणजे वायरच्या टोकावरील टोपीपासून, सिलिंडरच्या हेडपर्यंत बारीक निळी रेघ उडताना दिसली. कॅप पिळून काढली, तर वायरच्या टोकाला तांब्याचे धागे हिरवे पडून भुगा झालेले होते. वायर अर्धा सेंटिमीटर कापून नवी कॅप बसवली आणि तो त्रास थांबला. ठिणगी दुबळी असेल तर योग्य मिश्रणही पूर्ण जळत नाही आणि काजळी तशीच धरते; म्हणून काळा प्लग दिसला की दोष कार्बोरेटरचाच, असे धरून चालू नये. बहुतेक रेझिस्टर कॅपमध्ये ५ किलो-ओहमच्या आसपास रोध असतो. मल्टीमीटरवर त्याहून खूप अधिक किंवा हलवल्यावर बदलणारा आकडा आला, तर कॅप टाकून द्यावी. प्लग बाहेर काढून हेडला टेकवून किक मारली असता ठिणगी दिसते म्हणून ती पुरेशी आहे असेही नाही, कारण सिलिंडरमधल्या दाबाखाली तीच फट ओलांडायला कितीतरी अधिक व्होल्ट लागतात. ही तपासणी करताना प्लग हेडला पक्का टेकलेला असावा, नाहीतर सीडीआय (ठिणगीचा इलेक्ट्रॉनिक डबा) आणि कॉइल यांना धक्का बसतो. आणि प्लगच्या भोकाजवळ पेट्रोल सांडलेले नसावे.

इथेनॉलविषयी आपल्याला मिळालेला सल्ला जसा सांगितला गेला तसा बरोबर नाही. आपल्या जिल्ह्यातील साखर कारखान्यांत इथेनॉल तयार होते, त्यामुळे गाडीच्या प्रत्येक आजाराचे खापर सध्या त्याच्यावर फुटते. पेट्रोलच्या एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९ भाग पुरते. म्हणजे तेच जेट असताना २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल घातले, तर मिश्रण थोडे पातळ होते, रिच होत नाही; त्यातून काजळी येण्याचे कारण नाही. ॲव्हरेज त्याने थोडे कमी होते हे खरे, पण ६० चे ४५ होत नाही. जुन्या कार्बोरेटरमधले रबर मात्र त्याने फुगू शकते, आणि निडलचे रबरी टोक फुगले की ते नीट बसत नाही. दुसरे म्हणजे इथेनॉल पाणी ओढते, आणि आपल्याकडच्या पावसात महिनाभर उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीत ते पाणी तळाला वेगळे होऊन बसू शकते. आपली गाडी रोज चालते, त्यामुळे दुसरी शक्यता मला वाटत नाही. बेळगावच्या उंचीचेही कारण कधी कधी सांगितले जाते. समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर हवा थोडी विरळ असते आणि मिश्रण किंचित रिच होते, परंतु प्लग बंद पडावा इतके नाही.

गरम प्लगचा सल्लाही आज मानू नये. गरम प्लगचे टोक उष्णता हळू सोडते, त्यामुळे काजळी जळते आणि दोष झाकला जातो. पेट्रोल मात्र तितकेच वाया जात राहते, आणि कधी लांबच्या प्रवासात चढ लागला तर तोच प्लग प्रमाणाबाहेर तापून पिस्टनला धोका देतो. शिवाय दुकानात एक घोटाळा नेहमी होतो. एनजीके या कंपनीच्या क्रमांकात आकडा मोठा म्हणजे प्लग थंड, तर बॉशच्या क्रमांकात आकडा मोठा म्हणजे प्लग गरम. अनेक जुने मिस्त्री आजही ज्याला ‘मायको’ म्हणतात, ती बंगळूरची कंपनी २००८ पासून बॉश या नावाने आहे, आणि तिथला क्रमांक एनजीकेच्या नजरेने वाचला की नेमका उलटा प्लग हातात पडतो. आपले पाच प्लग एकाच क्रमांकाचे होते का, आणि तो क्रमांक गाडीच्या पुस्तकातलाच आहे का, हे एकदा पाहावे.

काच कागदाने घासणे आजपासून थांबवावे. त्याने चिनी मातीची गुळगुळीत लकाकी जाते, खरखरीत भागात काजळी अधिक लवकर धरते, आणि कागदाची वाळू चिकटून इंजिनात जाते. तारेच्या ब्रशने तर धातूची बारीक रेघ चिनी मातीवर उमटते, तिच्यावरून वीज काजळीसारखीच घसरते. दोष सापडल्यावर नवा, योग्य क्रमांकाचा प्लग घालावा, फट फिलर गेजने पुस्तकातल्या मापाला लावावी, आणि पहिले काही आटे हातानेच फिरवून नवा प्लग बसल्यावर पान्याने साधारण अर्धा फेरा आवळावा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि किलोमीटरचा आकडा वहीत लिहावा. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर गाडी सुधारूनही कारण कळत नाही. माझा अंदाज विचाराल, तर आधी चोक, मग फ्लोटची पातळी, मग नवे पायलट जेट, असा क्रम मी धरेन.

प्रश्न (निपाणी) : वडिलांची १९९२ ची येझदी मी पुन्हा चालती केली आहे. ५० किलोमीटरमध्ये प्लग ऑइलने ओला होतो आणि धूर फार येतो. टू-टी ऑइल कमी केले तरी फरक नाही. काय करावे?

उत्तर : टू-टी ऑइल, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनासाठी पेट्रोलमध्ये मिसळायचे ऑइल, आणखी कमी करू नये, नाहीतर पिस्टन धरेल. मैसूरला तयार झालेल्या या गाडीच्या क्लचच्या बाजूला क्रँकवर, म्हणजे पिस्टनमुळे फिरणाऱ्या मुख्य दांड्यावर, एक ऑइल सील असते. गाडी अनेक वर्षे उभी राहिली की त्याचे रबर कडक होते, आणि क्रँककेसमध्ये ओढ निर्माण होताच पलीकडचे गिअर ऑइल त्यातून आत येते व पेट्रोलबरोबर जळते. खात्री करायची असेल तर गिअर ऑइल बरोबर पातळीपर्यंत भरावे, १०० किलोमीटर चालवावी आणि पुन्हा पाहावे. बाहेर कुठे गळती नसताना पातळी उतरली असेल, तर सील बदलणे हाच उपाय आहे. दुसऱ्या, म्हणजे मॅग्नेटोच्या बाजूचे सीलही त्याच वेळी बदलावे. ते गेले तर ऑइलऐवजी हवा आत येते, मिश्रण पातळ होते आणि प्लग पांढरा पडून इंजिन तापते. एकदा उघडलेले काम दोनदा करू नये. पेट्रोलमधल्या ऑइलचे प्रमाण मापानेच घालावे. १ लिटरला ४० मिलिलिटर म्हणजे १:२५, आणि २० मिलिलिटर म्हणजे १:५०. आपल्या गाडीच्या पुस्तकात जे दिले असेल त्यावर ठाम राहावे. वडिलांची गाडी पुन्हा रस्त्यावर आणलीत याचे मनापासून कौतुक वाटते.

प्रश्न (शहापूर, बेळगाव) : माझ्या दोन प्लगच्या पल्सरला मिसिंग नाही, तरी ॲव्हरेज हळूहळू कमी होत आहे. प्लग तपासावेत का?

उत्तर : अवश्य, आणि दोन्ही. २००३ पासून आलेल्या या दोन प्लगच्या रचनेत एक प्लग मेला तरी दुसऱ्यावर गाडी चालत राहते, त्यामुळे चालवणाऱ्याला पत्ता लागत नाही. आयडलवर असताना आळीपाळीने एकेका प्लगची ठिणगी बंद करून पाहावी. इंजिन बंद असताना कॅप काढून तिच्यात एक जुना प्लग खोचावा आणि तो हेडला पक्का टेकवून ठेवावा, म्हणजे कॉइलला इजा होत नाही. ज्या बाजूची कॅप काढूनही इंजिनाचा आवाज बदलत नाही, तो प्लग, त्याची कॅप किंवा त्याची कॉइल बंद आहे. पोहोचायला अवघड असलेला प्लग सर्व्हिसिंगमध्ये वर्षानुवर्षे तसाच राहून जातो, म्हणून त्यापासून सुरुवात करावी.

प्रश्न (संकेश्वर) : २०२१ ची फ्युएल इंजेक्शनची गाडी पावसाळ्यात फार वापरत नाही. बॅटरी उतरू नये म्हणून रोज दोन मिनिटे चालू करतो. प्लग काळा का निघाला?

उत्तर : त्या दोन मिनिटांमुळेच. थंड इंजिनाला संगणक मुद्दाम जास्त पेट्रोल देतो, आणि इंजिन तापण्याआधी आपण ते बंद करता, त्यामुळे काजळी व ओल दोन्ही आत राहतात. एवढ्या वेळात बॅटरीही भरत नाही, उलट सेल्फ मारण्यात खर्च होते. आठवड्यातून एकदा हुक्केरीपर्यंत जाऊन यावे, किंवा गाडी महिनाभर उभी ठेवायचीच असेल तर बॅटरीची तार सोडवून ठेवावी. असे करूनही प्लग काळा पडला किंवा मीटरवरचा इंजिनाचा दिवा लागला, तर तापमानाचा सेन्सर, ऑक्सिजन सेन्सर आणि गळणारा इंजेक्टर यांची तपासणी स्कॅनर असलेल्या गॅरेजमध्ये करून घ्यावी.